शिडाच्या लहान होडीचे वजन आणि ट्रेलरभार

शिडाच्या लहान होडीचा ट्रेलरभार म्हणजे मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून होडी वाहून नेताना ट्रेलरच्या चाकांवर आणि मोटारीच्या जोडणीवर (कपलिंगवर) येणारा एकत्रित भार. त्यात होडीचे स्वतःचे वजन, शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, इंजिन इत्यादी साहित्याचे वजन आणि ट्रेलरचे वजन येते. हौशी कारागिराने घरी बांधलेल्या होडीच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. कारखान्यात तयार झालेल्या होडीचे वजन ठाऊक असते. घरी बांधलेल्या होडीचे वजन मात्र मोजल्याखेरीज कळत नाही, आणि ते आराखड्यात छापलेल्या आकड्यापेक्षा बहुधा अधिक भरते. रस्त्यावर एकूण वजनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम ते वजन ट्रेलरवर कोठे ठेवले आहे याचा होतो.

पार्श्वभूमी

कोकण आणि गोव्यात होड्या परंपरेने खाडीच्या किंवा नदीच्या काठावरच बांधल्या जातात. तयार झालेली होडी ओंडक्यांवरून घसरवत भरतीच्या पाण्यात लोटली, की तिच्या जमिनीवरील वजनाचा प्रश्न संपतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सागवानी 'सुहेली' मुंबईत बांधली गेली आणि तिच्यातून त्यांनी १९६८–६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये ज्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती भारतीय नौदलाची 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी येथे बांधली गेली. सुमारे १७ मीटर लांबीची आणि २३ टन वजनाची ही नौका बांधल्या जागेपासून थेट नदीत उतरली. अशा नौकांचे वजन ही आरेखनाची बाब असते, वाहतुकीची नव्हे.

समुद्रापासून दूर असलेल्या गावात परिस्थिती उलट असते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे शहर पंचगंगेच्या काठी आहे. परंतु नदीचा हा भाग कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे एकामागून एक येतात. पावसाळ्यानंतर त्यांत बरगे बसवले, की प्रत्येक बंधाऱ्यामागे फुगवट्याचे शांत पाणी साठते. पण एका फुगवट्यातून दुसऱ्यात होडी पाण्यातून नेता येत नाही. उन्हाळ्याच्या सुमारास जलपर्णी वाढल्यावर शिडाच्या होडीला मोकळे पाणी उरत नाही. पावसाळ्यात नदीला पूर असतो आणि त्या काळात तिच्यात हौसेखातर होडी घालणे धोक्याचे असते. त्यामुळे येथे बांधलेल्या शिडाच्या होडीला वर्षातील बराच काळ रस्त्यानेच पाण्यापर्यंत जावे लागते. जवळचा पर्याय कोल्हापूरचा रंकाळा तलाव हा आहे. त्यानंतर राधानगरी आणि काळम्मावाडी येथील जलाशय येतात. राधानगरीचा जलाशय वन्यजीव अभयारण्याच्या क्षेत्रात असल्याने तेथे उतरण्यापूर्वी परवानगी लागते. समुद्र गाठायचा तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट उतरावाच लागतो. अशी होडी पाण्यावरचे वाहन होण्याआधी रस्त्यावरचा माल असते, हे बांधणीच्या पहिल्या दिवसापासून लक्षात घेणे आवश्यक असते.

होडीचे वजन कसे वाढते

घरी बांधण्याजोग्या शिडाच्या होड्यांचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यापासून झाला. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखलेली 'ऑप्टिमिस्ट' ही मुलांची होडी, जॅक होल्ट यांची 'एंटरप्राइज' (१९५६), इयान प्रॉक्टर यांची 'वेफेअरर' (१९५७) ही त्यांतील प्रसिद्ध नावे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६२ मध्ये आखलेल्या 'मिरर' होडीने प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून, सांधे काचतंतूंच्या पट्ट्यांनी आणि राळेने पक्के करण्याची पद्धत लोकप्रिय केली. फळ्या शिवून होडी बांधण्याची कल्पना अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर शतकानुशतके रूढ होती. मिररमध्ये काथ्याच्या सुंभाच्या जागी तार आली, आणि सांधा पक्का झाल्यावर ती तार कापून टाकली जाऊ लागली.

शीड, डोलकाठी, सुकाणू काढून उरणाऱ्या रिकाम्या होडीला हल म्हणतात. ऑप्टिमिस्टच्या हलचे वजन ३५ किलो, तर मिररच्या हलचे ४५.५ किलो असते. या होड्या मोटारीच्या टपावरूनही नेता येतात. वेफेअररचा हल मात्र १६९ किलोंचा असतो आणि त्याला ट्रेलरच लागतो. हे आकडे वर्गाच्या नियमांनी ठरवलेले किमान आकडे आहेत. घरगुती बांधणी त्यांच्यावर क्वचितच थांबते.

वजनवाढीचे पहिले कारण प्लायवूड हे आहे. बहुतेक परदेशी आराखडे ओकूमे या हलक्या आफ्रिकी लाकडाचे प्लायवूड गृहीत धरतात. त्याची घनता घनमीटरला सुमारे ४५० किलो असते. भारतात मिळणारे 'आयएस ७१०' प्रतीचे मरीन प्लायवूड पाण्यात टिकाऊ असले, तरी ते बहुधा जड लाकडाच्या थरांचे असते आणि त्याची घनता ७५० किलोंच्या आसपास जाऊ शकते. ८ फूट × ४ फूट मापाच्या ६ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचे घनफळ ०.०१७९ घनमीटर भरते. म्हणजे तोच तक्ता ओकूमेचा असल्यास ८ किलोंचा, जड प्लायवूडचा असल्यास १३.४ किलोंचा होतो. ५ तक्त्यांच्या होडीत हा फरक २७ किलो होतो. कापणीत वाया जाणारा भाग वगळला तरी सुमारे २० किलो होडीत राहतात. आराखडा न बदलता, एकही चूक न करता होडी जड होते ती अशी. तक्ते विकत घेण्यापूर्वी एक तक्ता काट्यावर ठेवून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुसरे कारण ईपॉक्सी राळ. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचतंतूंचे कापड भिजवण्यास साधारण तेवढीच किंवा थोडी अधिक राळ लागते आणि कापडाची वीण झाकण्यासाठी आणखी दोन हात द्यावे लागतात. ७ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या बाह्य पृष्ठावर असे सुमारे ५ किलो वजन चढते. हे वजन आवश्यक आहे. मात्र 'थोडे अधिक मजबूत असावे' म्हणून दुसरा थर, जाड कोपरे, जादा आडवी पट्टी, पितळी कडी असे करत जे वजन वाढत जाते, ते हिशेबात कोठेच दिसत नाही. हौशी बांधणीत मजबुतीचा मोह आवरणे हे कारागिरीपेक्षाही कठीण असते. रंग, पॉलिश आणि लाकडात मुरलेली आर्द्रता यांची भर शेवटी पडते.

वजन आणि गुरुत्वमध्य यांचे मापन

होडीचे वजन मोजण्यासाठी ट्रक तोलण्याचा वजनकाटा सोयीचा वाटला, तरी तो या कामाला अपुरा असतो. असे काटे टनांतील भारासाठी असतात आणि त्यांवर ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने वाचन मिळते. ट्रेलरसह एकूण वजनाची पडताळणी त्यावर करता येते. कपलिंगवरचा १५–२० किलोंचा भार त्यावर मोजता येत नाही. त्यापेक्षा सूत आणि कापडाच्या व्यापारात वापरला जाणारा प्लॅटफॉर्म काटा किंवा घरगुती वजनकाटा अधिक उपयोगी पडतो. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरात पहिल्या प्रकारचा काटा मिळणे कठीण नाही.

पद्धत सोपी आहे. होडी सपाट जमिनीवर दोन आडव्या टेकूंवर ठेवावी. आधी पुढच्या टेकूखाली आणि नंतर मागच्या टेकूखाली काटा ठेवून वाचन घ्यावे; जेथे काटा नसेल तेथे काट्याच्या उंचीइतकीच फळी ठेवावी, जेणेकरून होडी आडवी राहील. दोन वाचनांची बेरीज म्हणजे होडीचे वजन. गुरुत्वमध्याचे पुढच्या टेकूपासूनचे अंतर काढण्यासाठी मागच्या वाचनाला टेकूंमधील अंतराने गुणून एकूण वजनाने भागावे. उदाहरणार्थ, टेकूंमधील अंतर ३.४ मीटर, पुढचे वाचन ४२ किलो आणि मागचे ५३ किलो असल्यास होडी ९५ किलोंची असून तिचा गुरुत्वमध्य पुढच्या टेकूमागे १.९ मीटरवर असतो. तो बिंदू होडीच्या बाहेरच्या बाजूस रंगाने खुणावून ठेवण्याची प्रथा उपयुक्त आहे.

कपलिंगवरचा भार

ट्रेलरचा आस (अॅक्सल) हा तराजूच्या टेकूसारखा असतो. आसाच्या पुढे असलेले वजन कपलिंगला खाली दाबते, मागे असलेले वजन ते वर उचलते. हेच तत्त्व बैलगाडीतही असते. ऊस भरलेल्या गाडीत वजन पुढे सरकले, तर जुवाचा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे सरकले, तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन गाडी मागे कलते. पंचगंगाकाठच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या भरणारा गाडीवान जे अनुभवाने साधतो, तेच होडीच्या ट्रेलरसाठी गणिताने साधता येते.

कपलिंगवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या किती टक्के असावा, याबाबत प्रघात वेगवेगळे आहेत. युरोपात साधारणपणे ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के असे सांगितले जाते. होडीच्या ट्रेलरसाठी ५ ते १० टक्के ही मर्यादा सर्वसाधारणपणे वापरली जाते. त्याचबरोबर मोटारीच्या जोडणीवर किती किलो भार चालेल याची मर्यादा वेगळी असते, आणि दोहोंपैकी जी कमी ती पाळावी लागते.

पुढील हिशेबात ४.२ मीटर लांबीची एक होडी घेतली आहे. कपलिंगपासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर, आणि होडीची नाळ कपलिंगमागे ०.६ मीटरवर आहे. सर्व अंतरे कपलिंगपासून मोजली आहेत. परिबल म्हणजे वजन आणि अंतर यांचा गुणाकार.

| वस्तू | वजन (किलो) | अंतर (मीटर) | परिबल (किलो-मीटर) |
|---|---|---|---|
| ट्रेलर | ११० | २.७० | २९७.० |
| हल | ९५ | २.८० | २६६.० |
| डोलकाठी आणि बूम | १८ | २.२० | ३९.६ |
| शिडे आणि दोर | १० | २.५० | २५.० |
| सुकाणू आणि सेंटरबोर्ड | १४ | ३.३० | ४६.२ |
| नांगर आणि साखळी | १२ | १.६० | १९.२ |
| एकूण | २५९ | – | ६९३.० |

एकूण वजनाला आसाच्या अंतराने गुणले असता ७७७ मिळतात. त्यातून ६९३ वजा करून ३ ने भागले, की कपलिंगवरचा भार २८ किलो येतो. तो एकूण वजनाच्या सुमारे १०.८ टक्के आहे. म्हणजे किंचित अधिक.

आता होडीच्या मागच्या फळीवर १७ किलोंचे लहान इंजिन लावले, तर ते कपलिंगपासून ४.८ मीटरवर येते. एकूण वजन २७६ किलो आणि परिबल ७७४.६ होते. कपलिंगवरचा भार घटून १७.८ किलो, म्हणजे ६.४ टक्के होतो. वजन वाढले, तरी जोडणीवरचा भार कमी झाला. तो अजून मर्यादेत आहे.

यानंतर वाटेत पाऊस लागला आणि होडीवर आच्छादन नाही, असे समजू. उघड्या होडीचे पाणी धरणारे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस मीटर असते. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, की ५० लिटर, म्हणजे ५० किलो पाणी साठते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः गगनबावडा परिसरात, पावसाळ्यात एवढा पाऊस पडायला फार वेळ लागत नाही. चढावर हे पाणी मागे धावते आणि कपलिंगपासून ४.३ मीटरच्या आसपास गोळा होते. एकूण वजन ३२६ किलो, परिबल ९८९.६ आणि कपलिंगवरचा भार उणे ३.९ किलो होतो. ट्रेलर उलाळ झालेला असतो. तो मोटारीचा मागचा भाग वर उचलू लागतो. बांधणीत काहीही बिघाड नसताना, निव्वळ पावसाने. म्हणूनच वाहतुकीच्या वेळी होडीच्या तळाचे बूच काढून ठेवणे आणि ताडपत्री ताणून बांधणे हे दोन्ही करावे लागते. सैल ताडपत्रीवर पाण्याचे डबके साचले, तर परिणाम तोच होतो.

भार सुधारण्याचे मार्ग तीन. सुटे साहित्य हलवता येते: इंजिन काढून मोटारीच्या डिकीत ठेवले, की वरच्या उदाहरणात भार पुन्हा २८ किलो होतो आणि नांगर थोडा मागे सरकवून तो योग्य मर्यादेत आणता येतो. होडी ट्रेलरवर पुढे-मागे सरकवता येते. त्यासाठी नाळेचा थांबा बोल्टने सरकता ठेवलेला असावा. आसच सरकवता येतो, पण ते काम एकदाच, ट्रेलर बनवताना करायचे असते. वाळूची पोती पुढे ठेवून भार वाढवण्याची युक्ती कधी कधी सुचवली जाते. तिने आकडा बरोबर येतो, परंतु ट्रेलर दोन्ही टोकांना जड होतो आणि वळणावर त्याचे डोलणे थांबायला अधिक वेळ लागतो.

हिशेबानंतर प्रत्यक्ष पडताळणी करावी. ट्रेलर सपाट जागी, कपलिंग मोटारीच्या जोडणीइतक्याच उंचीवर ठेवून, त्याखाली लाकडी ठोकळा आणि घरगुती वजनकाटा ठेवला असता भार थेट वाचता येतो. उंची बदलली तर वाचन बदलते, हे अनेकदा विसरले जाते.

ट्रेलर डोलणे

कपलिंगवरचा भार कमी असलेला ट्रेलर एका ठराविक वेगाच्या पुढे डावी-उजवीकडे डोलू लागतो. त्या वेगाखाली प्रत्येक हेलकावा आपोआप विरतो. त्याच्या वर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर मोटारीलाच फिरवतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात मोटार आणि ट्रेलर यांच्या स्थैर्यावर प्रयोग झाले आहेत. वजन टोकांकडे विखुरण्याऐवजी आसाजवळ एकवटले आणि कपलिंगवर पुरेसा भार ठेवला, तर हा ठराविक वेग वाढतो, हे या विषयातील सर्वमान्य तत्त्व आहे. ट्रकने ओलांडताना बसणारा हवेचा झोत, उतार किंवा रस्त्यावरचा खड्डा यांपैकी काहीही पहिल्या हेलकाव्याला पुरेसे असते.

डोलणे सुरू झाल्यास वेग वाढवून ट्रेलर 'सरळ खेचण्याचा' प्रयत्न करू नये. सुकाणूचक्र झटक्याने उलटसुलट फिरवू नये. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून, चक्र स्थिर धरून वेग आपोआप कमी होऊ देणे हा उपाय सर्वत्र सांगितला जातो. नंतर गाडी बाजूला घेऊन भार पुन्हा तपासावा, कारण डोलणे हे लक्षण आहे आणि कारण मागे ट्रेलरवर तसेच राहिलेले असते.

घाट आणि ब्रेक

लहान ट्रेलरला बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात. युरोपीय नियमांत एकूण ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर ब्रेकविना चालतो. समतल रस्त्यावर ही सवलत जाणवत नाही. घाटात ट्रेलरचा सगळा भार मोटारीच्या ब्रेकवर येतो. वरच्या उदाहरणातील २७६ किलोंचा ट्रेलर ५०० मीटर उंची उतरला, तर त्याची सुमारे १३.५ लाख जूल ऊर्जा कोठेतरी उष्णता म्हणून बाहेर पडावी लागते. ही ऊर्जा ४ लिटरहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापवण्यास पुरेशी आहे, आणि ती मोटारीच्या स्वतःच्या उष्णतेत भर घालणारी असते. पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर उतरणे हा ट्रकचालकांचा जुना नियम येथेही लागू होतो.

चढाचा प्रश्न परतीच्या वाटेवर येतो. कोकणातून वर येताना होडीत ओले दोर, ओली शिडे आणि तळाशी उरलेले पाणी असते; म्हणजे जाताना केलेला हिशेब येताना खरा राहत नाही. तीव्र चढावर सैल साहित्य मागे घसरते आणि कपलिंगवरचा भार कमी करते. त्यामुळे नांगर, बॅटरी, पेट्रोलची टाकी अशा जड वस्तू केवळ ठेवून भागत नाही, त्या जागी बांधाव्या लागतात.

होडीला आधार

प्लायवूडची होडी पाण्यात तिच्या संपूर्ण तळावर तोलली जाते. ट्रेलरवर मात्र ती मोजक्या बिंदूंवर टेकते. गतिरोधकावर हा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे आधार नेहमी मधल्या कण्याखाली आणि आतील आडव्या भिंतींच्या (बल्कहेडच्या) रेषेत द्यावा, दोन भिंतींमधल्या मोकळ्या फळीखाली नव्हे. रबरी रुळांमुळे होडी पाण्यात उतरवणे सोपे होते, पण भार एका रेषेवर येतो. गालिचा किंवा जुना टायर गुंडाळलेल्या लांब लाकडी पट्ट्या भार पसरवतात. हलक्या घरगुती होडीसाठी पट्ट्या अधिक योग्य. बांधणीचे पट्टे होडीवरून थेट ट्रेलरच्या चौकटीला बांधावेत. नाळेला पुढे ओढून धरणारा वेगळा दोर नसेल, तर जोरात ब्रेक लावल्यावर होडी पुढे सरकते.

डोलकाठी बहुतेक वेळा होडीपेक्षा लांब असते. ती मागे बाहेर आल्यास टोकाला लाल कापड आणि रात्री लाल दिवा लावतात. शक्य असेल तेव्हा दोन तुकड्यांची, सांध्यावर जोडता येणारी डोलकाठी बनवणे अधिक सोयीचे. मिररचे शीड बांधण्याची पद्धतच अशी आहे, की तिचे सर्व सोट होडीच्या लांबीत मावतात.

कायदेशीर तरतुदी

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर वापरायच्या ट्रेलरला कलम ३९ नुसार नोंदणी आवश्यक असते. कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक भार असलेला ट्रेलर चालवता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माल परवानगीपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत बाहेर येत असल्यास २०,००० रुपये दंड होऊ शकतो. डोलकाठीचा प्रश्न या दुसऱ्या तरतुदीत येतो.

भारतातील अनेक प्रवासी मोटारींच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते किंवा ट्रेलर जोडू नये असे म्हटलेले असते. बाजारात बसवून मिळणारा हुक मजबूत असला, तरी त्याने मोटारीची क्षमता वाढत नाही. हुकवर छापलेला आकडा हुकपुरताच असतो.

पाण्यावरील भार

रस्त्यावर जे २० किलो जादा वजन हिशेब बिघडवते, ते पाण्यावर जवळजवळ जाणवत नाही. साडेतीन चौरस मीटर जलरेषाक्षेत्र असलेली होडी २० किलोंनी गोड्या पाण्यात सुमारे ६ मिलिमीटर अधिक बुडते. पाण्यावर खरा भार माणसांचा असतो आणि तो हलता असतो. चार जण एका बाजूला सरकले, की होडीच्या वजनाहून मोठा भार तिच्या काठावर येतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुराच्या काळात सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी होडी उलटून अनेक ग्रामस्थांचा मृत्यू झाला. तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. होडीची क्षमता आकड्यात ठरवून तो आकडा मागच्या फळीवर रंगवणे घरगुती होडीसाठीही तितकेच गरजेचे आहे. प्रत्येक माणसाचे वजन ७५ किलो धरून, होडी पाण्याने पूर्ण भरली तरी तरंगत राहील इतक्या बंद हवापेट्या ठेवून ही मर्यादा काढतात.

शिडाच्या होडीला वाऱ्याविरुद्ध उभे राहण्यासाठी तळाशी वजन हवे असते. पारंपरिक गलबतांत दगडांचे नीरम भरत. ट्रेलरवरून नेण्याच्या होडीत असे कायमचे वजन परवडत नाही. म्हणून लहान होड्यांत माणसेच नीरमाचे काम करतात. थोड्या मोठ्या होड्यांत तळाच्या टाकीत उतरल्यावर पाणी भरून घेतात आणि परतताना ते सोडून देतात. अमेरिकेतील 'मॅकग्रेगर २६' या नौकेत अशा टाकीत ५०० किलोहून अधिक पाणी मावते. अशी टाकी अर्धवट भरलेली ठेवून रस्त्यावर निघणे धोक्याचे असते, कारण पाणी प्रत्येक वळणावर आणि चढावर जागा बदलते.

चाके, बेअरिंग आणि खारे पाणी

वरच्या उदाहरणात दोन चाकांवर मिळून सुमारे २५८ किलो, म्हणजे प्रत्येक टायरवर १२९ किलो भार येतो. टायरच्या बाजूवर छापलेला भारनिर्देशांक ६२ असल्यास तो टायर २६५ किलो, ६९ असल्यास ३२५ किलो पेलतो. म्हणजे लहान मोटारीचे टायर येथे पुरेसे असतात. ते निकामी होतात ते बहुधा वर्षभर एकाच जागी उभे राहून, हवा कमी होऊन आणि उन्हाने तडे जाऊन.

बेअरिंगची अवस्था अधिक नाजूक असते. दीडशे किलोमीटर धावून तापलेले चाक थेट पाण्यात गेले, की हबमधील हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर होडी उतरवण्याआधी चाके हाताला थंड लागेपर्यंत थांबणे, आणि जमल्यास हब पाण्यात बुडणार नाही इतकाच ट्रेलर मागे घेणे हा त्यावरचा उपाय. खाऱ्या पाण्यानंतर ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागते. पाटे, बोल्ट आणि चौकटीच्या पोकळ नळ्यांची आतली बाजू यांना गंज आधी लागतो. नळीच्या तळाशी छिद्र नसेल, तर आत साठलेले पाणी वजनातही भर घालते.